नाव नोंदवा, मग बघू

जुलै संपत आला की महाडमधल्या महाविद्यालयांचे सूचनाफलक कागदांनी भरून जातात. फी भरायची मुदत, एसटी पासाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, ओळखपत्राचे फोटो. या गर्दीत दमट हवेने कडा वळलेले दोन कागद हमखास असतात: एकावर ‘एनसीसी भरती’, दुसऱ्यावर ‘राष्ट्रीय सेवा योजना – नावनोंदणी’. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींची फलकासमोर कुजबुज चालते. “ताई, एनएसएसला पळून दाखवावं लागतं का?” तिसऱ्या वर्षाच्या ताईचं उत्तर ठरलेलं असतं: “पळायचं नाही गं, घमेलं उचलायचं.”

एनसीसीला मात्र पळावं लागतं. पाऊस उघडला तर मैदानावर, नाहीतर जिथे जागा मिळेल तिथे भिंतीवर खडूने रेघा ओढून उंची मोजतात, वजनकाटा मांडतात, मुलांना पळवतात, दंड मारायला लावतात. बटालियनकडून आलेले हवालदार किंवा सुभेदार हातात यादी घेऊन उभे असतात. त्यांची हिंदी आणि मुलांची मराठी एकमेकांत अडखळत असते. जागा मोजक्या, इच्छुक फार. निवड झाल्यावर पालकांची सही असलेला अर्ज, डॉक्टरचा दाखला, मग बटालियनच्या यादीत नाव. त्यानंतर मिळतो तो क्रमांक. आद्याक्षरांतून राज्य, पुढे भरतीचं साल, मुलांचा विभाग की मुलींचा हे सांगणारा हा क्रमांक पुढची तीन वर्षं नावाइतकाच तोंडपाठ लागतो.

या भागात फौजेचं आकर्षण नवं नाही. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. महाड तालुक्यातल्या आंबवड्याच्या नावामागे लोक ‘फौजी’ लावतात, कारण पहिल्या महायुद्धापासून तिथली माणसं सैन्यात जात आली. अशा मुलखात खाकी गणवेशासाठी रांग लागली तर नवल ते काय.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगळीच धांदल असते. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या विद्यार्थिमंडळांची तिथे भरती चालते. यातली सर्वांत जुनी फाय बीटा कॅपा. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी ती ५ डिसेंबर १७७६ रोजी सुरू केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. गुप्त शपथ, हात मिळवण्याची गुप्त खूण, चांदीचं पदक असा सगळा थाट होता. १८३१ साली गुप्तता सोडून दिली गेली, आणि पुढे ही संस्था निव्वळ गुणवत्तेचा सन्मान झाली. तिचं आमंत्रण मागून मिळत नाही. प्राध्यापक गुणपत्रिका पाहून ते देतात. सेवेसाठी म्हणून निघालेलं मंडळ म्हणजे अल्फा फाय ओमेगा. १९२५ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात बालवीर चळवळीतून आलेल्या तरुणांनी ते काढलं. तिथे आधी ओळखीच्या बैठका, मग उमेदवारीचा काळ, आणि तो नीट पार पडला की दीक्षेचा समारंभ असा क्रम असतो. पारख आधी, बिल्ला नंतर.

महाडच्या फलकावरचा क्रम बहुतांशी उलटा आहे. सेवा योजनेत नाव नोंदवायला गुणपत्रिका लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. बिल्ला आधी मिळतो, आणि पारख पुढची दोन वर्षं चालते. ही उलटी रीत कुठून आली याचा माग काढताना पुण्याची एक टेकडी लागते, आणि गंमत म्हणजे वाट पुन्हा महाडच्याच परिसरात येऊन पोचते.

पुण्यात कॉलेजच्या भिंतींच्या आत एक बिरादरी आधीच तयार झाली होती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, दुसऱ्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघालं. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं तिथेच शिकवण्याचा शब्द देत, पगार महिना पंचाहत्तर रुपये. वकिलीत किंवा सरकारी नोकरीत त्याच्या कित्येक पट पैसे मिळवू शकणारी माणसं या पंचाहत्तर रुपयांवर राहिली. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय र. पु. परांजपे तिथून परतले ते याच पगारावर फर्ग्युसनमध्ये शिकवायला. गोपाळ कृष्ण गोखले याच साच्यातले. फर्ग्युसनमधलं काम संपवून १९०२ साली ते मोकळे झाले, आणि कॉलेजपुरता असलेला हा साचा सबंध देशसेवेला लावता येईल का, याचा विचार करू लागले.

१२ जून १९०५ च्या सकाळी फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर चार माणसं जमली. गोखल्यांनी आधी स्वतः शपथ घेतली. मग नटेश अप्पाजी द्रविड, अ. वि. पटवर्धन आणि गो. कृ. देवधर या तिघांना दिली. भारत सेवक समाज, म्हणजेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, तिथे जन्माला आला. ना मेणबत्त्या, ना गुप्त खुणा. सात प्रतिज्ञा, आणि त्याही सगळ्या रोजच्या जगण्याच्या. देशाचा विचार नेहमी पहिला ठेवीन आणि माझ्यातलं उत्तम ते त्याला देईन. देशसेवेतून स्वतःचा फायदा बघणार नाही. सर्व भारतीयांना भाऊ मानून जातपात, धर्म न बघता सगळ्यांच्या उन्नतीसाठी झटेन. संस्था मला आणि माझ्या कुटुंबाला जे देईल त्यात समाधान मानीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवीन. कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही. आणि संस्थेचे उद्देश सदैव डोळ्यांपुढे ठेवून तिचं हित जपेन.

यातली सहावी प्रतिज्ञा सर्वांत कठीण असणार, असं सार्वजनिक संस्थांमध्ये वावरलेल्या कोणालाही वाटेल. पैसा सोडणारे भेटतात, भांडण सोडणारे विरळा.

शपथ घेतली म्हणजे काम संपलं नाही, ते तिथून सुरू झालं. सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती. त्यातली तीन वर्षं पुण्याच्या मुख्यालयात अभ्यास: इतिहास, अर्थशास्त्र, सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं. दोन वर्षं देशभर फिरणं. या काळात परवानगीशिवाय जाहीर भाषण करायचं नाही, लेख लिहायचा नाही. विशी-तिशीतल्या पदवीधराने पाच वर्षं तोंड बंद ठेवायचं म्हणजे काय, हे आजच्या काळात नव्याने सांगायला नको. गोखल्यांचं म्हणणं साधं होतं: ज्याला बोलायचं आहे त्याने आधी देश पाहावा आणि आकडे शिकावेत. स्वतः ते कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायचे तेव्हा समोरच्या सरकारी सभासदांना उत्तर शोधावं लागे, ते याच अभ्यासाच्या जोरावर.

या संस्थेचं दार किती चोख होतं हे १९१५ साली दिसलं. दारात उभा असलेला उमेदवार होता मोहनदास करमचंद गांधी. ९ जानेवारीला ते दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला उतरले. गोखल्यांची इच्छा होती की त्यांनी समाजात यावं, गांधींचीही तीच. पण काही सदस्यांना शंका होती. गांधींचे विचार आणि कामाच्या पद्धती संस्थेपेक्षा फार वेगळ्या आहेत, दोन्हींचा मेळ बसणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. गोखल्यांनी गांधींना वर्षभर देश फिरायला सांगितलं, सार्वजनिक प्रश्नांवर मत न देता. थोडक्यात, आफ्रिकेतला सत्याग्रह लढून आलेल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसालाही उमेदवारी चुकली नाही.

१९ फेब्रुवारीला गोखले गेले. गांधी पुण्याला आले, सदस्यांमध्ये चर्चा सुरू झाली. काहीजण त्यांना घ्यायला तयार, काहींचा ठाम विरोध. मत घेतलं असतं तर कदाचित बहुमतही मिळालं असतं. पण ज्या घरात काही माणसं मनातून आपल्याला नको म्हणतात तिथे मताधिक्याने शिरणं म्हणजे गोखल्यांशी प्रतारणा, असं गांधींना वाटलं आणि त्यांनी अर्ज मागे घेतला. आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग कटुता न ठेवता लिहिला आहे. विरोध करणाऱ्यांशी त्यांचा स्नेह उलट वाढलाच. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा भारतीय नेता एका पंधरा-वीस जणांच्या मंडळाच्या उंबऱ्यावरून परत गेला, आणि दोन्ही बाजूंनी ते सभ्यपणे झालं.

ज्यांना या दारातून प्रवेश मिळाला त्यांच्यात रायगडचा एक माणूस होता. नारायण मल्हार जोशी, जन्म ५ जून १८७९, गाव गोरेगाव. महाडच्या उत्तरेला माणगाव तालुक्यातलं हे गोरेगाव, मुंबईच्या उपनगराशी त्याची गल्लत होते. जोशी डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि १९०९ साली भारत सेवक समाजात दाखल झाले. वयाच्या तिशीत, स्थिर नोकरी सोडून, पुन्हा विद्यार्थी व्हायला. संस्थेने त्यांना मुंबईच्या कामात घातलं आणि १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांच्या वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असं तिचं काम. पुढे १९२० साली आयटक या कामगार महासंघाच्या स्थापनेत ते होते आणि नंतर कित्येक वर्षं तिचे सरचिटणीस. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टनमधल्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचा प्रतिनिधी म्हणून गेले ते हेच.

लीगमध्ये यायला सात प्रतिज्ञा लागत नव्हत्या. दार रुंद होतं. तिथल्या कामात घडलेल्यांपैकी दोघांची नावं महाडच्या इतिहासात पक्की बसली आहेत: अनंत विनायक चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यासाठी गावोगाव फिरून माणसं जोडली रामचंद्र बाबाजी मोरे यांनी, त्यांना चित्रे यांची साथ होती. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस होते. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाडला जी भरती झाली, तिच्याइतकी अवघड भरती या गावाने नंतर पाहिलेली नाही. २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद भरली. जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडला सहस्रबुद्धे यांनी. सत्याग्रहात कोण उतरणार म्हणून नावं घ्यायला सुरुवात झाली तेव्हा चार हजारांच्या आसपास लोकांनी आपली नावं लिहून दिली. मार्चमध्ये तळ्यावरून परतलेल्यांना गावात मार बसला होता, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रांग लागली.

आणि मग त्यांना थांबायला सांगितलं गेलं. तळं खासगी आहे असा दावा करून विरोधकांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम आधीच मिळवला होता. तो मोडायचा की पाळायचा यावर परिषदेत घमासान झालं. शेवटी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सत्याग्रह स्थगित झाला, लोकांनी गावातून शिस्तीत मिरवणूक काढली आणि ते घरोघर परतले. जीव द्यायला नाव नोंदवलेल्या माणसाने हात न उचलता परत जायचं, ही उमेदवारी गोखल्यांच्या पाच वर्षांच्या मौनापेक्षा हलकी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी. मधे सव्वानऊ वर्षं गेली.

आता फलकावरच्या दोन कागदांकडे. एनसीसीचा कागद थेट भारत सेवक समाजापर्यंत जातो. १९४६ साली विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू. हे कुंझरू म्हणजे १९३६ पासून भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. ‘वैयक्तिक भांडण करणार नाही’ अशी शपथ घेतलेल्या माणसाच्या अहवालातून बंदुकीचं शिक्षण देणारी संघटना निघाली, हा योगायोग मोठा मजेशीर आहे. १९४८ साली कायदा झाला आणि राष्ट्रीय छात्र सेना उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग आला.

दुसऱ्या कागदाचा धागा महाडच्या अगदी जवळचा. रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं नाते हे महाड तालुक्यातलं गाव. १४ जानेवारी १८९६ रोजी तिथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग केंद्रीय अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे म्हणून मराठी माणसाच्या आठवणीत घर केलेले ते हे सीडी. १९५९ साली विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेची योजना आखायला सरकारने समिती नेमली, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. समितीची शिफारस सडेतोड होती: शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीची करा. थोडं लष्करी शिक्षण, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण. पैसा कुठून आणायचा आणि राबवायचं कसं, या दोन प्रश्नांवर योजना अडली. स्वतः अर्थमंत्री राहिलेल्या माणसाची योजना खर्चापायी बारगळली!

सक्तीचा प्रयोग नंतर दुसऱ्या वाटेने आलाच. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची केली गेली. मैदानं भरली, पण कवायतीतला जीव गेला. गणवेश पुरेनात, शिकवणारे पुरेनात, आणि मनाविरुद्ध उभा केलेला मुलगा ‘विश्राम’ची वाट बघत उभा राहतो. १९६८ साली सक्ती उठली. ज्यांना कवायत नको त्यांना सेवेचा पर्याय द्यावा असं शिक्षणमंत्री आणि कुलगुरूंच्या परिषदांत ठरत आलं होतं. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चाळीस हजार विद्यार्थी होते. सक्तीच्या या अपयशातूनच खुल्या दाराची रीत आली: ज्याला यायचं त्याने यावं, राहायचं की नाही ते पुढे ठरेल.

राहायचं म्हणजे दोन वर्षांत २४० तास. दर वर्षी १२० तास नियमित काम, आणि त्याखेरीज दोन वर्षांतून एकदा सात दिवसांचं निवासी शिबिर. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, आठही प्रहर सेवेला तयार, असा अर्थ. बिल्ला मिळण्याच्या दिवशी हे सांगितलं जातं आणि बहुतेकजण ते विसरतात. आठवतं ते शिबिरात.

खरी दीक्षा तिथेच होते. परीक्षा आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत एखाद्या दत्तक गावच्या शाळेत मुक्काम पडतो. वर्गातली बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरतात. एका खोलीत मुली, एका खोलीत मुलगे. पहाटे अंधारात उठवतात. थंडी कोकणातली, म्हणजे बेताची, पण पहाटे पाचला डोंगरउतारावरच्या गावात ती पुरेशी असते. प्रभातफेरी, चहा-पोहे, मग श्रमदान. दुपारी कोणा वक्त्याचं बौद्धिक, संध्याकाळी घरोघर सर्वेक्षण, रात्री पथनाट्याची तालीम. भांडी घासायच्या पाळ्या फळ्यावर लिहिलेल्या. स्वतःचं ताटही कधी न घासलेला मुलगा पन्नास माणसांच्या पातेल्याशी झटताना दिसतो, आणि त्याच्या पाळीला आलेल्या मुली हसू दाबत राख पुढे करतात.

श्रमदानाचं ठरलेलं काम म्हणजे वनराई बंधारा. महाड-पोलादपूर भागात पाऊस कोसळतो, पण उताराने सगळा सावित्रीला आणि पुढे खाडीला जाऊन मिळतो. एप्रिल-मे महिन्यात याच डोंगरवाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. म्हणून पावसाळा सरल्यावर ओढा अजून वाहता असतानाच तो अडवायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गावातूनच गोळा करतात. ओढ्याच्या काठची वाळू-माती घमेल्याने गोणीत भरायची, फार ठासायची नाही, नाहीतर उचलत नाही आणि नीट बसतही नाही. दाभण-सुतळीने तोंड शिवायचं. मग माणसांची साखळी करून गोण्या पुढे सरकवायच्या आणि पाण्यात उभं राहून विटांच्या बांधकामासारख्या सांधा चुकवत रचायच्या. मधल्या फटीत चिकण माती. पहिले दोन थर पाणी मुकाट्याने खालून वाट काढतं. तिथे हमखास गावातला एखादा आजोबा काठावरून सांगतो, “अरे, तळातली वाळू काढा आधी.” तो म्हणतो तेच बरोबर असतं. तळ साफ करून, माती दाबून पुन्हा थर लागतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी तुंबलेलं. बाई-माणसं कपड्यांची बोचकी घेऊन आधीच तिथे पोचलेली असतात.

या भागात घमेलं-फावड्याची सवय कधी कामी येईल सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुराखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर घराघरांत, दुकानांत चिखलाचा थर होता, आणि तो काढायला राज्यभरातून संस्था, संघटनांचे स्वयंसेवक आले. त्या दिवसांत भाषण येतं का हे कोणी कोणाला विचारलं नाही.

एनसीसीची उमेदवारी वेगळ्या धाटणीची. तिथे दीक्षा बुटांपासून सुरू होते. कडक इस्त्री, चकचकीत बूट, डोक्यावर बेरे टोपी नेमकी बसलेली. वर्षभर कवायतींना किमान ७५ टक्के हजेरी, दहा दिवसांचं वार्षिक शिबिर, तिथे पोटावर झोपून पॉइंट टू-टू रायफलीने नेमबाजी. दुसऱ्या वर्षी ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा, तिसऱ्या वर्षी ‘सी’ची. ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं आणि पदवीला पन्नास टक्के असले तर लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळापर्यंत जाता येतं. ज्या घरात आजोबा-पणजोबा शिपाई म्हणून भरती झाले, त्या घरातल्या मुलीला हा रस्ता अधिकारी करू शकतो, आणि महाडमध्ये ही गोष्ट मोठी आहे. त्याहून अवघड शिडी दिल्लीच्या प्रजासत्ताकदिन संचलनाची: कॉलेज, बटालियन, गट, मग राज्याचा संघ. महाराष्ट्राच्या संघाने २०२२, २०२३ आणि २०२४ असा सलग तीन वर्षं पंतप्रधान ध्वज आणला.

नव्या पोरांना ‘घडवण्या’च्या नावाखाली जुनी पोरं काय करतात, हा प्रश्न अशा प्रत्येक मंडळाला चिकटलेला असतो. अमेरिकेतल्या काही बिरादऱ्यांत दीक्षेच्या रात्री मुलं दगावली आहेत, त्यावर तिथल्या राज्यांना कायदे करावे लागले. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढून पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश बंद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेणं आवश्यक केलं. सीनियरने ज्युनिअरकडून बूट पुसून घेणं ही शिस्त नव्हे, गुन्हा आहे, हे शिबिराच्या पहिल्या दिवशी स्पष्ट सांगणारे अधिकारी शहाणे.

पण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात खरी चाळणी सीनियर लावत नाहीत. ती लावते एसटी. कवायत संपता संपता घाटाखालच्या वाडीची शेवटची गाडी सुटणार असेल, तर त्या वाडीचा मुलगा कितीही चपळ असला तरी तिसऱ्या महिन्यात यादीतून गळतो. सुगीत घरी माणूस कमी पडतो, तेव्हा हजेरी बुडते. मुलींच्या बाबतीत शिबिराच्या सात रात्री हा घरच्या चर्चेचा विषय होतो. मॅडम स्वतः घरी जाऊन “मी आहे ना सोबत, काकू” असं सांगतात तेव्हा कुठे एखादीचं नाव शिबिराच्या यादीत येतं. सेवा योजनेच्या शंभर जणांच्या एककातून दर वर्षी निम्मेच शिबिराला न्यायचे असतात. त्या पन्नासांत कोण येणार, हे खूपदा वेळापत्रक आणि घरची परवानगी मिळून ठरवतात. फाय बीटा कॅपाच्या गुणपत्रिकेपेक्षा ही निवड जास्त निष्ठुर आहे, कारण तिला कोणी निवड म्हणत नाही.

उरतात ते वेगवेगळ्या कारणांनी उरतात. मुंबई विद्यापीठात या कामाबद्दल दहा वाढीव गुणांची सवलत आहे आणि तिचं आकर्षण कोणी लपवत नाही. काहींना मित्र हवे असतात, काहींना घरापासून सात दिवस सुटका. कोणी दहा गुणांसाठी येतं आणि बंधाऱ्यावर गोण्या रचता रचता तिथलंच होऊन जातं. कोणी मोठ्या उत्साहाने येतं आणि दिवाळीनंतर दिसत नाही. हजेरीपटावर दोघांच्या सह्या एकाखाली एक असतात आणि वर्ष संपताना कार्यक्रम अधिकारी सर रकाना पुढे ओढून ज्याचे जितके भरले तितके तास लिहितात.